बदक झोपलंय

"पुन्हा एकदा तुझ्या लेकीमुळे खोळंबा झाला ना," मोठ्या जाऊबाई नाश्त्याच्या टेबलावर, अख्ख्या ग्रुपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तर तुम्ही दोघींनी खालीच बसायचं. आम्ही वर बर्फात जाणार. कबूल?"

आईच्या तोंडात पाव होता, त्यामुळे शब्द काही बाहेर पडला नाही. पण मान हलली, आणि ती सगळ्यांनी पाहिली.

झालं! आई आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणार होती. फ्रीजमधला सोडून. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून ती जाऊबाईंच्या सोबतीने, चार वर्षांच्या चिमणीला काखोटीला मारून या परदेशच्या टूरवर आली होती. जाऊबाईंचं मत निघाल्यापासून एकच. "एवढ्याशा पोरांना परदेश कशाला? त्यांना समुद्र काय नि घरची बादली काय, सारखंच." चिमणीही त्यांना खोटं पाडायचं मनावर घेत नव्हती. म्युझियममध्ये ती एका दगडी राजाच्या मांडीवर जाऊन बसली आणि उतरेचना. बोटीवर तिने एक बूट पाण्यात सोडला आणि तो पोहून परत येईल म्हणून वाट बघत बसली. दर वेळी बस थांबे, आणि दर वेळी बसमधले सगळे आईकडे असे बघत, जणू बूट तिनेच फेकला होता.

तर आज डोंगरावर जाणाऱ्या छोट्या रेल्वेचा दिवस. स्टेशनसमोरच्या चौकात ग्रुप उभा होता. टूर मॅनेजर म्हणजे एक काटकुळा, सदा धावणारा तरुण. त्याच्या हातात एक लांब काठी, आणि काठीच्या टोकाला पिवळंधमक कापडी बदक. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, "दुकानांकडे बघू नका, माझ्याकडे तर मुळीच बघू नका. फक्त बदकाकडे बघा. जिकडे बदक, तिकडे आपण!" ग्रुपच्या अंगात हे इतकं मुरलं होतं, की बदक हललं की तोंडातल्या गप्पा तशाच राहायच्या आणि पाय चालू पडायचे.

"मला बऽदऽक!" चिमणीने बाबागाडीतून भोंगा सुरू केला.

"घे बाई, धर!" मॅनेजरने काठी तिच्या हातात दिली. "मी तिकिटं घेऊन आलोच."

भोंगा बंद. चौकात शांतता. आईने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेवढ्यात...

"आई, शू."

"आत्ता?"

"आत्ता नाही. मघाशीच आली होती."

आईने बाबागाडी जी पळवली! स्टेशनच्या टॉयलेटला कुलूप. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मान हलवली. फुलवालीनेही हलवली. चिमणी काठी उंच धरून ओरडत होती, "जोरात, आई, जोरात!" मागून धपाधप पावलं वाजत होती, पण वळून बघायला वेळ कुणाला होता?

"आज भलताच स्पीड आहे!" मागून कुणीतरी धापा टाकत म्हणालं.

अरे वा, इथेही मराठी माणसं, असं आईला वाटून गेलं. हल्ली कुठेही जा, आपली माणसं भेटतातच.

पुढे एक काचेचं मोठं दुकान होतं. आईने दारातूनच असा काही चेहरा केला, की आतल्या मालकीणबाईंनी एक अक्षरही न विचारता मागच्या दाराकडे बोट दाखवलं. बाईंनाही मुलं असणार. आई चिमणीसकट आणि बदकासकट आत घुसली आणि वाचली.

बाहेर आली, तेव्हा मात्र तिचे पाय जमिनीला खिळले. दुकान गाद्यांचं होतं, आणि प्रत्येक गादीवर तिचा ग्रुप आडवा पडला होता! बूट ओळीने खाली काढलेले. रिटायर्ड हेडमास्तर छातीवर हात जोडून पडले होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चक्क पांघरूण घेतलं होतं.

"तुम्ही इथे कसे?" आई किंचाळली.

"बदक आलं, आम्ही आलो," हेडमास्तर डोळे न उघडता म्हणाले. "उत्तम सोय केली हो. विश्रांती पॅकेजमध्ये आहे, हे आधी सांगायला हवं होतं."

"पॅकेजमध्ये नाहीये! हे दुकान आहे! उठा, गाडी सुटेल!"

"बदक निघालं की निघू," डॉक्टरीणबाई पांघरुणातून म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

आई गर्रकन चिमणीकडे वळली. चिमणीने सगळ्यात छोटी गादी निवडून बदकाला काठीसकट तिच्यावर आडवं केलं होतं आणि ती त्याला थोपटत होती.

"चिमणे, उचल ते!"

"श्श! बदक झोपलंय."

आता आली का पंचाईत! बदक उठल्याशिवाय ग्रुप उठेना, आणि चिमणी बदकाला उठवू देईना. आईने हात घातला की भोंगा. दूरवर शिट्टी झाली, गाडी सुटली, आणि आईचा बर्फ तिच्या डोळ्यांसमोर वितळून गेला. आता जाऊबाई बोलणार. आईने मान खाली घालून त्यांना शोधलं. त्या खिडकीजवळच्या सगळ्यात जाड गादीवर होत्या.

"वहिनी," आई रडवेल्या आवाजात म्हणाली, "खोळंबा झाला. कबूल केल्याप्रमाणे आम्ही दोघी खाली थांबतो."

जाऊबाईंनी एक डोळा उघडला. "का म्हणून? तू जा."

"अहो, पण चिमणी..."

"राहू दे माझ्यापाशी. टूर सुरू झाल्यापासून आज पहिल्यांदा पाठ टेकलीये गं माझी. आता मला इथून क्रेनने जरी उचललं, तरी मी उठायची नाही. ये गं चिमणे, काकूजवळ. पण बोलायचं नाही हं."

"बदक पण?"

"बदक पण."

चिमणी बदक ओढत काकूच्या कुशीत शिरली आणि चक्क डोळे मिटून पडली.

तेवढ्यात घामाघूम झालेला मॅनेजर आत आला. औषधवाल्याने आणि फुलवालीने त्याला बरोबर वाट दाखवली होती. अशी वरात कोण विसरेल? पुढच्या गाडीत जागा होती, पण बदक झोपलेलं. त्याने श्वास रोखून काठी तेवढी सोडवून घेतली. मालकीणबाई हसून हसून लाल झाल्या होत्या. त्यांनीच एक छोटी पांढरी उशी काठीला बांधून दिली. उशी हलली, आणि ग्रुप मुकाट्याने बूट घालून निघाला.

वर सगळीकडे बर्फच बर्फ! पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा! आणि त्या पांढऱ्यावर पांढरी उशी कुणाला म्हणता कुणाला दिसेना. हेडमास्तर एकीकडे, डॉक्टरीणबाई दुसरीकडे. मॅनेजर काठी नाचवत ओरडत होता. हळूहळू सगळे गोळा झाले. शेवटची गाडी उभी राहिली, शिट्टी झाली, पुन्हा झाली. एक बाई कमी होती.

सगळ्यांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढली. समोरच्या उतारावर आई बुडाखाली प्लास्टिकची पिशवी घेऊन घसरत खाली येत होती, उठून परत वर पळत होती, आणि पुन्हा घसरत होती.

"अहो वहिनी, चला! तुमच्यामुळे गाडी थांबलीये!" मॅनेजर जीव खाऊन ओरडला.

"शेवटचं!" आई वरून ओरडली. "फक्त एकदा!"