चार ठोक्यांचा फोटो

बायपास होऊन तीन महिने झाले, तरी शिवदास पाटील दर तासाभराने बायकोचा हात आपल्या छातीवर ठेवून घेत आणि विचारत, "चालतंय ना?" शांती म्हणे, "चालतंय." ती भाजी चिरत असताना विचारत, देवापुढे दिवा लावत असताना विचारत, आणि दुपारी तिने जरा पाठ टेकली की हमखास विचारत. रात्रीचं तर बोलायलाच नको. ऑपरेशन शिवदासांचं झालं होतं, पण झोप उडाली होती ती शांतीची.

सर्जन म्हणाले होते, "एकदा थ्री-डी इको करा. डाव्या कप्प्याचं पंपिंग नीट आलं, की यांच्याजवळ कोणी बसायची गरज नाही. खुशाल कामाला लावा." तेव्हापासून शांती त्या रिपोर्टकडे डोळे लावून बसली होती. मंगळवारची वेळ मिळाली आणि ती नवऱ्याला रिक्षात घालून गोडदेवहून मीरा रोडच्या सेंटरला घेऊन आली.

मशीनवर समीक्षा नावाची मुलगी होती. सकाळपासून तिने चौदा हृदयं पाहिली होती आणि पंधराव्याबद्दल तिला फारसं कुतूहल उरलं नव्हतं. तिने शिवदासांना डाव्या कुशीवर वळवलं, छातीला वायरी लावल्या, गार जेली लावली.

"काका, श्वास सोडा. आता धरून ठेवा."

"धरला," शिवदास म्हणाले.

"बोलायचं नाही काका. परत. धरा."

"हां मॅडम, धरला."

यात शिवदासांचा तसा दोष नव्हता. पाटलांच्या घरात कोणी काही सांगितलं आणि आपण गप्प राहिलो, तर समोरच्याचा अपमान होतो असं समजतात. त्यांचे वडील मिठागरावर लांबून हाक मारणाऱ्यालाही ओ दिल्याशिवाय पुढे जात नसत. इथे तर शिकलेली मुलगी आदराने काका म्हणून सांगत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी फार मनावर घेतलं आणि नुसतं "हं" म्हणाले.

स्क्रीनवर हृदय उमटलं. मधोमध उभी चीर होती आणि दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत नव्हत्या, गुंड्या चुकवून घातलेल्या शर्टासारख्या. शिवदासांनी मान वळवून ते पाहिलं.

"शांते," ते क्षीण आवाजात म्हणाले, "दोन तुकडे झालेत."

"काका, हृदयाला काही झालेलं नाही," समीक्षा म्हणाली. "मशीन चार ठोक्यांचे चार तुकडे घेतं आणि जोडतं. मध्ये तुम्ही बोललात की छाती हलते, जोड चुकतो. फक्त फोटो बिघडलाय."

पण आता ठोके एकशेपंधरावर गेले होते. एवढ्या घाईत चालणाऱ्या हृदयाचा फोटो घेण्यात अर्थ नव्हता. समीक्षाने दोघांना अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं. शांती पाणी आणायला गेली, तेवढ्यात शिवदासांनी धाकट्या भावाला फोन लावला. "राघो, दोन तुकडे दिसतायत. बघ काय ते."

राघोला काय बघायचं ते कळलं नाही, म्हणून तो सगळ्यांनाच घेऊन आला. वीस मिनिटांत दोन रिक्षांमधून सात माणसं उतरली. सगळ्यांत पुढे ऐंशीच्या सरूआत्या. त्यांनी शिवदासांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "काय न्हाय होत रे पोरा. आमी हाव ना."

आत्या रडल्या, मग सगळे रडले. शिवदासांचे ठोके एकशेतीस झाले. शांती भिंतीला टेकून उभी होती. आज रिपोर्ट मिळाला नाही तर पुढची वेळ पंधरा दिवसांनी मिळणार होती. पंधरा दिवस आणि पंधरा रात्री. 

शेवटी समीक्षाने दोघांना आत ओढलं आणि दार लावून घेतलं. भिंतीलगत एक रिकामी खाट होती. तिच्याकडे बोट करून ती म्हणाली, "काकू, तुम्ही तिथे आडव्या व्हा. मी सांगितलं की श्वास धरायचा, तोंडातून शब्द नाही. काका, त्यांच्याकडे बघा आणि तसंच करा."

शांती आडवी झाली. खोलीत मंद उजेड होता, एसी होता, डोक्याखाली उशी होती. तिने फक्त डोळे मिटले.

"काका, श्वास—"

"मॅडम, हळू," शिवदास कुजबुजले. "झोपली ती."

शांती झोपली नव्हती. पण नवऱ्याचा इतका हळू आवाज तिने लग्नानंतर कधी ऐकला नव्हता, म्हणून तिने डोळे उघडले नाहीत. स्क्रीनवरचे ठोके हळूहळू नव्वदच्या खाली उतरले, तेव्हा समीक्षाने खुणेनेच श्वास धरायला सांगितलं. खोलीत शब्द उमटला नाही. थोड्या वेळाने यंत्राने टुक्‌ केलं.

"अख्खा आला," समीक्षा पुटपुटली. "पंपिंग अठ्ठावन्न टक्के. म्हणजे अगदी नॉर्मल, काका. डॉक्टर सही करतील. काकूंना उठवू?"

"नको. तीन महिने तिला झोप न्हाय. मीच झोपू दिलं न्हाय तिला."

शांतीला भरून आलं. पण रडायचं तर जागं व्हावं लागणार होतं, आणि तेवढी ताकद तिच्यात नव्हती. ती खरोखरच झोपी गेली. समीक्षाने तिच्या अंगावर पांढरी चादर घातली.

राघोने दार किलकिलं करून पाहिलं तेव्हा दादा उभा राहून शर्टाच्या गुंड्या लावत होता आणि वहिनी पांढऱ्या चादरीखाली निपचित पडली होती. कोणाला काही विचारायची त्याला गरज वाटली नाही. आजारी वहिनीच आहे, असं बाहेर सांगून तो सगळ्यांना घेऊन घरी तयारीला निघाला.

तासाभराने रिपोर्ट घेऊन दोघं घरी पोचली, तेव्हा जिन्यातच दोन शेजारणींनी शांतीला दंडाला धरून वर चढवलं. हॉलमध्ये गादी घातलेली होती. सरूआत्या कमरेला पदर खोचून उभ्या होत्या.

"आडवी हो बाय. आठ दिस उठायचं न्हाय. सगळा घोर तुझ्या काळजाला लागला. शिवदासा, बगतोस काय, पानी आन तिला."

शिवदास गोंधळून म्हणाले, "अगं आत्या, हिला काही—" आणि त्यांनी शांतीकडे पाहिलं. मग वाक्य तिथेच सोडून ते स्वयंपाकघरात गेले. पेला कुठे असतो ते त्यांना बराच वेळ कळलं नाही.

शांती गादीवर आडवी झाली. खुलासा करायलाच हवा होता आणि ती करणारही होती. रविवारी.