फळ्यांना मुशीचं तेल

आधीच सांगून ठेवतो, घसरणं मला कुणी शिकवायची गरजच नव्हती! मढच्या खाडीत ओहोटी लागली की आम्ही पोरं फळकुटावर एक गुडघा टेकून चिखलावरून असे सुसाट जायचो की चिखलात राहणाऱ्या निवट्या मासळ्या आधीच बाजूला व्हायच्या. त्यामुळे सत्त्याऐंशीच्या जानेवारीत ऑफिसच्या क्लबाने ‘मनाली येथे स्कीइंग, फक्त नवशिक्यांसाठी, सहा दिवस’ असं परिपत्रक लावलं, तेव्हा पहिलं नाव मी दिलं. बर्फ म्हणजे काय, पांढरा चिखल!

खरं कारण वेगळं होतं. कमळला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन तीन वर्षं झाली होती. दहिसरच्या ब्लॉकमध्ये मी एकटा. संध्याकाळी कुलूप उघडायचं, दिवा लावायचा आणि रेडिओवरच्या बातम्यांना “असं होय?” म्हणायचं. सहा दिवस शेजारच्या पलंगावर कुणीतरी घोरेल, याचंच मला जास्त आकर्षण होतं.

पण क्लबचा सेक्रेटरी श्यामसुंदर म्हणाला, “अनंतराव, रूम सगळ्या डबल आहेत. सोमवारपर्यंत जोडीदार आणा, नाहीतर नाव कापावं लागेल.”

सगळ्यांच्या जोड्या केव्हाच लागल्या होत्या. उरला होता डिस्पॅचमधला धोंडिराम. गळ्यात तुळशीची माळ, स्वभावाने अगदी गरीब.

“मला भीती वाटते हो,” तो म्हणाला. “आपटलो तर?”

“रविवारी घरी ये रे! पहिल्या दिवसाची सगळी तयारी करून घेतो तुझी. एकदम झकास!”

आता तयारी करायची तर फळ्या हव्यात. मढला होड्या बांधणारा रामनाथ माझा बालमित्र. त्याला चित्र काढून दिलं. सहा फूट लांब, चार बोटं रुंद, पुढचं टोक वर वळलेलं.

शनिवारी घ्यायला गेलो तर पठ्ठ्याने फळ्यांना कुंकू लावून नारळ फोडला होता! वर दोन्ही टोकांवर लाल रंगात ‘कमळ’ लिहिलं होतं.

“अरे, हे काय?”

“बिननावाची होडी कोन सोडतंय रं पान्यान?” रामनाथ म्हणाला.

फळ्यांवर हात फिरवला, तर हात तेलकट झाला. मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल!

“बरफ म्हंजी पानीच ना रं? नव्या लाकडाला तेल नाय लावलं तं फुगंल, फाटंल!”

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या होड्यांना पिढ्यान्‌पिढ्या तेच चोपडतात, त्या वासातच मी वाढलो. रिक्षावाल्याने मात्र मला अर्ध्या वाटेत उतरवलं. फळ्या लांब असल्यामुळे असेल, असं मी समजलो.

रविवारी सकाळी नऊला धोंडिराम आला. मी पोहे करून ठेवले होते, दोन बशा काढल्या होत्या. दुसरी बशी बऱ्याच दिवसांनी निघाली होती.

“अनंतराव, जिन्यात एवढी मांजरं का बसलीत?”

“तुझ्या स्वागताला!”

आत येताच त्याने नाकाला रुमाल लावला. “घरात काही मेलंय का हो?”

“छे रे! फळ्या आहेत.”

पोहे तसेच राहिले. आमच्या बिल्डिंगच्या मागे तबेल्याकडे जाणारा उतार आहे. तिथे मी पहाटेच पेंढा पसरून ठेवला होता. सायकलच्या ट्यूबने पाय फळ्यांना बांधले आणि वर उभा राहिलो. मागे सात मांजरं रांगेने!

“बघ हं! गुडघे वाकवायचे, नजर समोर!”

निघालो! चार हात बरा गेलो. तेवढ्यात एका पिवळ्या बोक्याने डाव्या फळीवर उडी मारली आणि ‘कमळ’ चाटायला सुरुवात केली.

“अरे, बायको आहे ती माझी!” मी ओरडलो, खाली वाकलो, आणि नजर समोर ठेवायची राहिली. थेट शेणाच्या ढिगात! म्हशीसुद्धा रवंथ थांबवून बघायला लागल्या.

धोंडिराम धावत आला. “लागलं का हो?”

“छट्! चल, आता तू!”

त्याने फळ्यांकडे पाहिलं, मांजरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मनालीत ह्या फळ्या रात्री कुठे ठेवायच्या?”

“आपल्याच खोलीत की! तुझ्या पलंगाखाली!”

इथे माझी वाट लागली. धोंडिरामला एकदम घरी काम आठवलं.

सोमवारी यादी लागली. धोंडिरामच्या नावापुढे जोडीदार म्हणून कॅशमधला खंडू, ज्याने शनिवारपर्यंत नावसुद्धा दिलं नव्हतं. माझ्या नावावर रेघ.

“पुढच्या वर्षी नक्की, अनंतराव,” श्यामसुंदर म्हणाला. “आणि फळ्या कशाला केल्यात? त्या तिथेच मिळतात! परिपत्रकाच्या मागच्या पानावर लिहिलंय की!”

मागचं पान मी वाचलंच नव्हतं. फार वाईट वाटलं. फळ्यांचं नव्हे, त्या दुसऱ्या पलंगाचं.

संध्याकाळी जिना चढून आलो तर दाराशी सातही मांजरं बसलेली. तीन वर्षांत माझी वाट बघत कुणी बसलं नव्हतं. मी कुलूप उघडलं. पिवळा बोका पायाला अंग घासत काहीतरी लांबलचक बोलला.

“असं होय?” मी म्हणालो.

बर्फ मी अजून पाहिलेला नाही. पण महिन्यातून एकदा मढहून तेलाची बाटली आणतो आणि दोन्ही फळ्या नीट चोपडून दाराशी उभ्या करतो. वास उडाला तर मंडळी यायची बंद होतील, ही धास्ती. शेजारच्या प्रेमावहिनी नाकाला पदर लावून विचारतात, “कशाला हो हे दर महिन्याला?”

मी सांगतो, “लाकूड फुगतं ना, वहिनी!”