टायरवाले पास्कल अंकल

आमच्या गावात एक लग्न होतं. नवरा-नवरी चर्चमधून बाहेर आली, तेव्हा फुलांनी सजवलेल्या गाडीपाशी पास्कल अंकल गुडघे टेकून बसले होते. फादरना वाटलं, म्हातारा नव्या जोडप्यासाठी प्रार्थना करतोय. तेवढ्यात अंकल उठले, पँट झटकली आणि नवऱ्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, ‘‘अभिनंदन. मागचा उजवा टायर गेलाय. महाबळेश्वरला याच्यावर जाऊ नको.’’

पास्कल अंकल आमचे शेजारी. वसईत आमची घरं एकाच विहिरीच्या दोन बाजूंना. मुंबईच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर खरेदी खात्यात होते. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, खरेदी काही सुटली नाही. त्यातही टायर म्हणजे त्यांचा खास प्रांत. गावातल्या कुणालाही टायर घ्यायचे असले की अंकल सोबत निघणारच. त्यांच्याकडे स्वतःची म्हणाल तर सायकल आहे. ‘‘गाडी घेतली की टायर घ्यावे लागतात,’’ असं त्यांचं म्हणणं.

मागे माझ्या गाडीचे टायर झिजले. दुकानदार म्हणाला, चारही बदला. अंकलना हे कळलं मात्र, ते फाटकातूनच ओरडले, ‘‘चारही? एक दात दुखला म्हणून कुणी कवळी बसवतं काय रे, सुहास?’’

त्यांनी खाचांत नाणं घालून चारही टायर तपासले. दोन अजून धडधाकट होते. मग आम्ही निघालो.

पहिल्याच दुकानात अंकलनी चष्मा कपाळावर चढवला, टायरला नाक लावलं आणि कडेचे चार आकडे वाचले. ‘‘हे बघ, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हा माल कधीचा पडून आहे!’’

दुकानदार वैतागला. ‘‘अंकल, टायर क्या दूध है, जो खराब होगा?’’

‘‘दूध फाटलं तर चहा जातो बाबा. टायर फाटला तर माणूस जातो. ताजा दाखव.’’

ताजा नव्हता. आम्ही तुळिंजला गेलो. तिथे भाव कमी होता. मी पाकीट काढलं, तसं अंकलनी माझा हात धरला आणि दुकानदाराला म्हणाले, ‘‘सगळं धरून सांग.’’

हे त्यांचं आवडतं वाक्य. पापलेट घेताना कोळणीलाही ते हेच म्हणतात. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरलाही म्हणाले होते. इथे सगळं धरल्यावर बसवणी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळे, बॅलन्सिंग वेगळं निघालं. स्वस्त टायर बघता बघता महाग झाला.

शेवटी विरारला, फुलपाड्याच्या एका दुकानात जमलं. म्हणजे अंकल स्टुलावर बसले, दुकानदाराचे दोन चहा प्याले, त्याच्या सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग भावाला हात घातला. बसवणी भावातच आली. व्हॉल्व्ह फुकट मिळाले. झिजलेले दोन टायरही त्याने चांगल्या पैशांत ठेवून घेतले. ‘‘नवे मागे घाल, चांगले जुने पुढे,’’ अंकलनी बजावलं. दुकानदाराने हात जोडले, पण हसत.

वाचलेल्या पैशांतले बरेचसे पेट्रोलमध्येच गेले होते. उरल्यात आम्ही मासळीची थाळी खाल्ली. घरी बायकोने विचारलं, ‘‘मग वाचलं काय?’’

‘‘दोन टायर,’’ अंकल शांतपणे म्हणाले.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी हवेचा गेज मागायला मी त्यांच्या अंगणात गेलो. त्यांची मुलगी रोझलिन चर्चमधली मिस्सा आटोपून विरारहून नुकतीच पोचली होती. दर रविवारी ती येते आणि अंकल तिच्या गाडीची हवा तपासतात. हवा बरोबर राखली तर टायर वर्षभर जास्त टिकतो, हे सांगताना त्यांना थकवा म्हणून येत नाही. ते गेज आणायला आत गेले होते. मी सहज गाडीत डोकावलो. समोरच्या पडद्यावर चारही चाकांची हवा आकड्यांत दिसत होती.

‘‘अगं, हे तर गाडीच सांगते!’’

रोझलिनने पटकन किल्ली फिरवून पडदा विझवला आणि घराकडे पाहिलं. ‘‘हळू, दादा. मम्मी गेल्यापासून ‘भेटायला ये’ असं पपा एकदाही म्हणाले नाहीत. फोन करून विचारतात, हवा तपासलीस का? म्हणून मी येते.’’

अंकल गेज आणि पायाचा पंप घेऊन बाहेर आले. मागच्या चाकापाशी बसले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. गेजचा काटा अगदी जागेवर होता. अंकलनी अंगठ्याने व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडून दिली.

‘‘कमी आहे गं,’’ ते म्हणाले. ‘‘वेळ लागेल. बस.’’

रोझलिन पायरीवर बसली आणि ऑफिसातल्या नव्या साहेबाची गोष्ट सांगू लागली. अंकल एक दाब द्यायचे, थांबायचे, ‘‘मग?’’ विचारायचे आणि पुढचा दाब द्यायचे. गेज न मागताच मी घरी परतलो.