एमपीवाले आबाजी

आमच्या शेजारच्या आबाजींना कुणी 'तुमचं बरोबर आहे' म्हटलं की भयंकर राग येतो. हातातला चहा ते तसाच खाली ठेवतात, चपला पायात सरकवतात आणि फाटक आपटून आपल्या घरी निघून जातात. आपलं काय चुकलं म्हणून नवखा माणूस बघत राहतो. मी तसा पुष्कळ दिवस बघत राहिलो.

बँकेतल्या बदलीनं मी अलिबागहून थेट वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात येऊन पडलो. पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "कुठचे तुमी?"

"अलिबागचा."

"म्हंजे समुद्रवाले. आमच्या एमपीत समुद्र नाही, पन नर्मदा हाये. तुमचा समुद्र पेता येते काय? हाये का जवाब?"

मी नमस्कार केला. सगळी गल्ली त्यांना 'एमपीवाले आबाजी' म्हणते, तेव्हा हे गृहस्थ मध्य प्रदेशातून इथं येऊन राहिलेले असणार, असं मी धरून चाललो. त्यांची अस्सल वऱ्हाडी ऐकून शंका यायला हवी होती, पण आम्हा समुद्रवाल्यांना तेवढं कुठलं कळायला!

आबाजी बोलायला लागले की मध्य प्रदेश अंगणात येऊन बसायचा. "कर्कवृत्त आमच्या एमपीतून जाते. तुमच्या महाराष्ट्रातून काय जाते? एसटी. थे बी रस्त्यात बंद पडून राह्यली." पन्नाचे हिरे त्यांचे, वाघ त्यांचे, माळव्याची काळी माती त्यांची. छत्तीसगड वेगळं झालं ही हकिकत ते घरातली वाटणी सांगावी तशी सांगत. "धाकटा वेगळा निंगाला. खानी नेल्या, जंगल नेलं. नेऊ दे म्हटलं. पन अमरकंटक आमच्या हिश्श्याले राह्यलं ना!" आणि तापी? "निंगते आमच्या मुलताईतून. पानी आमचं, अन् केळी खाऊन नाव सांगता तुमी जळगावचं. हाये का जवाब?"

मी पडलो भिडस्त. म्हणायचो, "नाही हो आबाजी, तुमचंच बरोबर." लगेच चहा खाली, चपला पायात आणि फाटक धाडकन.

या उन्हाळ्यात मात्र आबाजी कुंपणाशी येईनासे झाले. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. एका संध्याकाळी त्यांची सून ज्योती आमची वाटी परत द्यायला आली आणि दारातच थांबली.

"भाऊ, तुमी आबाजीले हो-हो कायले करता?"

"मग काय करू? एमपीच्या माणसाशी एमपीवरून कसा वाद घालायचा?"

तिला हसू आवरेना. "एमपीचे? आबाजी इथल्याच जऊळक्याचे हायेत! एमपीची तं माही सासू होती. मुलताईची."

मग तिनं सगळं सांगितलं. इकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. मुलताई कुठं आहे हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, म्हणून सासूबाई झाल्या 'एमपीवाली'. नवराबायकोचं जन्मभर एकच भांडण. ती मध्य प्रदेशाकडून, आबाजी महाराष्ट्राकडून. तव्यावर भाकरी करपायची, पण तापी कुणाची हे ठरायचं नाही. मग ती गेली. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता आबाजी म्हणाले, "आमच्या एमपीत..."

"आमाले वाटलं, आबाजी भ्रमले. तसं नोयतं, भाऊ. तिची बाजू खाली पडली होती, थे त्याइनं उचलली. पन आता महाराष्ट्राकडून भांडाले घरात कोनीच नाही. आमी त्याइचा मान ठेवून हो म्हनतो. म्हनून त्याइनं बोलनंच सोडलं. आता जेवत बी नाहीत धड."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. भल्या माणसाला मी रोज चहासोबत होकार पाजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणाशी उभं राहून ओरडलो, "आबाजी, तुमच्या पचमढीचा तो धूपगड! आमच्या कळसूबाईपुढे टेकाड आहे टेकाड!"

पलीकडे खाट करकरली. आबाजी एकाच पायात चप्पल घालून बाहेर आले. "काय म्हनलं?"

"टेकाड म्हटलं. आणि तुमची नर्मदा समुद्र शोधत गुजरातेत जाते. एमपीत समुद्र असता तर बिचारी घरी राहिली असती. हाये का जवाब?"

आबाजींचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं. "वा रे पठ्ठे! हेच! अगदी हेच म्या तिले सांगत होतो!" मग "ज्योती, दोन चहा!" अशी आरोळी ठोकून त्यांनी माझी जी धुलाई सुरू केली, ती बँकेची वेळ टळली तरी संपेना. ज्योती कप ठेवताना डोळ्यांनीच हसली.

निघता निघता मी आणखी एक खडा टाकला. "आणि तापीचं काय कौतुक? आमची इथली काटेपूर्णा नदी काय वाईट आहे?"

आबाजी एकदम थांबले.

"हे म्या तिले एकडाव म्हटलं होतं. तं थे म्हने, तुमची काटेपूर्णा जाते पूर्णेत, अन् पूर्णा चांगदेवले जाते माह्या तापीत. कितीबी भांडा, शेवटी येनं तुमाले माह्याचकडं हाये."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग हसले.

"ह्याचा जवाब मले नाही सापडला, भाऊ. तुमी बी शोधू नोका."