दहा बोटांचा उमेदवार

अनुभव हा माणसाचा सर्वश्रेष्ठ गुरू होय, आणि आधी दक्षिणा घेऊन मग शिकवायला बसणारा तो जगातला एकमेव गुरू होय. हे तत्त्व ज्या कारखान्यात सर्वमान्य होतं, तिथे दारं, खिडक्यांच्या चौकटी आणि मागणी आलीच तर शाळेची बाकं तयार होत. कामगार बत्तीस. म्हणजे कागदोपत्री हाताची बोटं तीनशे वीस. प्रत्यक्ष मोजणीत ती तीनशे सात भरली (पायांची बोटं बुटात असल्याने वगळली). हे प्रमाण जवळजवळ शहाण्णव टक्के पडतं. एवढे टक्के त्या बत्तिसांपैकी एकालाही शाळेत कधी मिळाले नव्हते, तेव्हा कारखान्याच्या सुरक्षिततेला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

माणसाचा मानही इथे बोटांवरूनच ठरे. ज्याची कमी, तो मोठा. सकाळचा पहिला चहा आबांना. आबा म्हणजे सुरक्षा प्रमुख, बोटं सात. नवा माणूस कामावर आला की आबा आपला डावा हात त्याच्या नाकासमोर धरत आणि म्हणत, "बघून घे." प्रशिक्षण तिथे संपे.

शेवटचा चहा, बहुधा गार, अख्ख्याला मिळे. हा गोल करवतीवरचा कारागीर. सव्वीस वर्षं त्या एकाच करवतीवर, आणि दहाच्या दहा बोटं शाबूत. नाव त्यावरूनच पडलेलं. एवढ्या वर्षांत नखसुद्धा गेलं नाही म्हणजे माणूस काम करतो की नुसता उभा राहतो, अशी शंका लोकांनी घेतली तर त्यांचं काय चुकलं? त्याच्या सवयीही संशयास्पदच होत्या. पातं बदलायचं झालं तर हा मेन स्विच बंद करी, स्विचच्या पेटीला कुलूप घाली आणि किल्ली खिशात टाकी. लाकडाचा शेवटचा वीतभर तुकडा हाताने न ढकलता काठीने ढकली. करवत फिरत असताना हातमोजे घालत नसे. का, तर म्हणे पातं आधी मोजा धरतं, आणि मोज्यात हात असतो. संध्याकाळी भुसा झाडून, तेल देऊन, मशीनला कान लावून ऐकत बसे. "बायकोचं तरी इतकं ऐकतो का रे?" असं लोक विचारत. बायकोलाही हाच प्रश्न पडलेला होता.

शेजारी रंध्याचं मशीन होतं. लाकडाची फळी गुळगुळीत करणारी त्याची पाती एका दंडगोलावर बसवलेली असतात आणि मिनिटाला काही हजार वेळा फिरतात. त्यावर एक झाकण असतं. हे झाकण फार चांगल्या प्रतीचं होतं. त्याला धूळ लागू नये, ओरखडा पडू नये, म्हणून ते ऑफिसातल्या कपाटात ठेवलेलं असे आणि दर सोमवारी फडक्याने पुसलं जाई. चार वर्षांत झाकणाला कसलीही इजा झालेली नाही, असा लेखी अहवाल होता. पात्यांबद्दल साहेबांचा स्वतंत्र सिद्धांत होता: धार कमी, धोका कमी. त्यामुळे पात्यांना धार लावायची परवानगी नव्हती. परिणामी फळी पुढे सरकेना, आणि मशीनवरच्या माणसाला तिच्यावर सगळा भार टाकून रेटावं लागे. हात निसटला तर कुठे जाईल, हे सांगायला इंजिनिअर नको.

तो माणूस म्हणजे अख्ख्याचा सख्खा धाकटा भाऊ. वय एक्केचाळीस, बोटं दहा. पण लोक त्याला धीर देत. "होईल, होईल. घाई कशाला?"

अख्खा उभा असे करवतीपाशी, पण जीव सगळा रंध्याकडे. फळीत गाठ आली की पात्यांचा आवाज चिरके आणि तो आपली करवत थांबवून भावाची बोटं मोजी. एकदा डबा खाताना तो म्हणाला, "अरे, साहेबांकडे झाकण माग की."

"नको रे दादा," धाकटा इकडेतिकडे बघत म्हणाला. "आधीच मला छोटा अख्खा म्हणतात."

दुसऱ्याचं मशीन थांबवायचा आणि कपाट उघडायला लावायचा अधिकार फक्त सुरक्षा प्रमुखाला होता. म्हणून आबा निवृत्त व्हायला निघाले तेव्हा अख्ख्याने जन्मात पहिल्यांदा कुठल्यातरी पदासाठी अर्ज केला. सूचनाफलकावर अटी अशा होत्या: उमेदवारास किमान एका अपघाताचा प्रत्यक्ष अनुभव असावा, अपघात कामाच्या वेळेत झालेला असल्यास प्राधान्य, अपघातातून उमेदवाराने काही बोध घेतलेला असावा (ही अट शिथिलक्षम).

दुसरा अर्ज साडेनऊचा होता. हा गोदामात खिळे मोजायचा. त्याची अर्धी करंगळी घरच्या दारात चेमटून गेली होती. दार आपल्याच कारखान्यात बनलेलं निघालं, तेव्हा निवड समितीने मोठ्या मनाने तो अपघात कारखान्याचाच धरला.

मुलाखतीला समिती बसली: साहेब, आबा आणि टिपणं घ्यायला ऑफिसातल्या बाई.

"अपघात किती?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही."

"निदान थोडक्यात वाचलात, असं काही?"

"तसंही नाही, साहेब."

आबांना भडभडून आलं. "अरे, मग सव्वीस वर्षं केलंस काय तू?"

अख्ख्याने सांगितलं. कुलूप, काठी, भुसा, तेल. तेलापाशी बाईंनी लिहायचं थांबवलं.

"हे निव्वळ नशीब झालं," साहेब म्हणाले. "आणि नशिबावर कारखाने चालत नाहीत."

तेव्हा अख्ख्याचा बांध फुटला. "साहेब, पद नको मला. साडेनऊला द्या. माझा भाऊ आहे हो रंध्यावर. तेवढं झाकण द्या आणि पात्यांना धार लावू द्या. मला रोज भीती वाटते."

बाईंनी पुन्हा पेन उचललं आणि नोंद केली: उमेदवार भित्रा आहे.

साडेनऊची नेमणूक झाली. सत्काराच्या वेळी त्याने करंगळी उंच धरली. मागच्या रांगेला दिसली नाही, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधी अख्खा ऑफिसात गेला. कपाटाला कुलूप नव्हतं. ते झाकण कुणाला वापरावंसं वाटेल अशी शंकाच कधी कुणाला आली नव्हती. त्याने ते काखेत मारलं, रंध्याचा स्विच बंद केला, पेटीला आपलं कुलूप घातलं आणि एकेक पातं काढून दगडावर धार लावत बसला. भोंगा झाला, माणसं जमली, साडेनऊ येऊन नियम वाचून गेला. अख्ख्याने मान वर केली नाही.

"दादा, नोकरी जाईल रे तुझी!" धाकटा रडकुंडीला आला.

"जाऊ दे गेली तर. तू हात मागे घे आधी."

तीन तास मशीन बंद राहिलं. कारखान्याच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. बोट गेलं तरी काम सरासरी चाळीस मिनिटंच थांबतं (पुसापुशी धरून). म्हणजे या एका माणसाने साडेचार बोटांएवढं काम बुडवलं, असा हिशेब साहेबांनी जागेवर मांडला. अख्ख्याला करवतीवरून काढून भुसा पोत्यात भरायला लावलं. झाकण मात्र राहिलं, कारण त्याला आता ओरखडा पडला होता आणि ते कपाटात ठेवण्याच्या लायकीचं उरलं नव्हतं.

त्यानंतर काहीही झालं नाही. धाकटा आजही रंध्यावर आहे. पाती फळीवरून सरळ जातात, त्याला जोर लावावा लागत नाही, आणि त्याच्या हाताला साधं खरचटलेलंही नाही. अख्खा पोती भरतो आणि पलीकडचा आवाज ऐकत निवांत गार चहा पितो. गोष्ट संपली.

आता वाचकहो, खरं सांगा. धाकटा रंध्यावर उभा राहिल्यापासून त्याचं बोट कधी जातंय, याचीच तुम्ही वाट बघत होतात की नाही? गेलं असतं तर हळहळला असता, अख्ख्याला द्रष्टा म्हणाला असता, चार जणांना गोष्ट सांगितली असती. गेलं नाही, तर मनात आलं, "एवढंच?" लाजू नका. समितीच्या इतिवृत्तात अख्ख्याच्या सव्वीस वर्षांवर नेमका हाच शेरा आहे. तुम्हाला समितीवर घ्यायला कुणाचीही हरकत नसावी.