माजघराची खिडकी रस्त्याकडे उघडली त्याची हकीकत

श्रीगजानन वरद. जे एका घरी मावत नाही आणि घरोघरी नांदते, त्यास वंदन करून हे लिहिले असे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासी एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे जे, त्या राज्यास राजा नाही, तख्त नाही, सरकारी दफ्तरखाना नाही. घरोघरी संगणकयंत्र आणि यंत्रास यंत्र जोडिलेले. एकाचा कागद दुसऱ्याने मागावा, दुसऱ्याने तिसऱ्यास द्यावा, आणि सारे दफ्तर रयतेच्याच घरी राहावे. प्रत्येक यंत्रात एक अदृश्य हुजऱ्या आणि त्याजपुढे एक खिडकी. घरच्या माणसाने खिडकीशी 'आण' म्हणावे, मग तो परघरचा कागद आणी. 'राख' म्हटल्यास जपून ठेवी. 'विसर' म्हटल्यास जपणूक सोडी. आणि 'झाड' म्हटले की न जपलेले सारे झाडून टाकी. हुजऱ्या इमानी खरा, परंतु खिडकीशी आला त्यास नाव पुसण्याची रीत नाही. आत पोहोचला तो घरचाच. म्हणोन वडिलांनी खिडकी माजघराकडे ठेविली, रस्त्याकडे ठेविली नाही.

त्या राज्यात म्हाळसाबाई चौबळ म्हणोन वृद्ध बाई होत्या. गावास पाणी येई ते जमिनीखालच्या खापरी नळाने, आणि नळ कोठून कसा वळतो हे त्यांच्या कैलासवासी यजमानांनी पायी हिंडून यंत्रातच पाच पत्रांवर रेखिले होते. पत्रे पूर्वी पुष्कळ घरी होती, परंतु कोणी 'राख' म्हटले नाही, म्हणोन झाडली गेली आणि चौबळांच्याच घरी उरली. मग बाईंस लेकीच्या बाळंतपणास परगावी जाणे पडले, आणि तेथून फोनवरून हुकूम देता यावा म्हणोन त्यांनी खिडकी रस्त्याकडे उघडली. धाकटी जाऊ सरूबाई बोलिली, "थोरल्या बाई, दार सताड उघडं टाकून निघालात की हो!" बाई बोलिल्या, "कोण येतंय इथं? तू यंत्राला हात लावू नकोस म्हणजे झालं."

मग गावात नवी मोरी खणावयाचे ठरले, आणि पहारी उतरल्या त्या सकाळी मुकादम केरबाने बाईंस फोन केला, "बाई, कुठं खणू ते दावा. नळ फुटला तर अख्खा गाव माझ्या नावानं शिमगा करंल." बाईंनी खिडकीशी पत्रे मागितली तो हुजऱ्याचा जबाब आला, "आपल्या हुकुमाने जपणूक सोडिली." बाई म्हणाल्या, "मी कधी सांगितलं रे मेल्या?" आणि त्यांस उमगले, की खिडकीशी कोणी परका उभा आहे, नाव ना गाव. त्यांनी 'राख' म्हटले, हुजऱ्याने राखिले. परक्याने 'विसर' म्हटले, हुजऱ्या विसरला. पुन्हा 'राख', पुन्हा 'विसर'. दोघांचेही तो सारख्याच अदबीने ऐके. आणि मग परका 'झाड' बोलिला, आणि हुजऱ्याने केरसुणी घेतली.

बाईंनी घरी फोन लाविला. "सरू, धाव! यंत्राची वायर ओढ!"

"कुठली? आणि तुम्हीच म्हणालात, हात लावू नकोस!"

"जळो माझी जीभ! जाड काळी ओढ!"

"काळ्या दोन आहेत!"

"दोन्ही ओढ गं बाई!"

सरूबाईने हाती लागेल ते ओढिले, आणि यंत्र बंद, फ्रिज बंद, देवघरातील दिवाही बंद जाहला. मग बाईंनी फोनवरून सांगावे आणि सरूबाईने करावे, ऐसे चालिले. बाहेरची जोडणी तोडून यंत्र सुरू केले, पहिल्या प्रथम खिडकी माजघराकडे फिरविली, आणि सरूबाई स्वतः तीपुढे बसून बोलिली, "राख." बाईंनी पुसिले, "किती राहिली?" "चार." "पाचवं बघ की नीट." "पाहिलं. तळ्याकाठचं गेलं, थोरल्या बाई."

मग पुन्हा जोडणी करून चार पत्रे केरबास धाडिली, आणि त्याने विचारिले, "आन् तळ्याकाठी?" बाई बोलिल्या, "ते पत्र गेलं रे." तेव्हा केरबा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तिथं पहार लावीत न्हाई, खुरपी घेऊन बसतो." मग माणसे खुरप्यांनी माती उकरीत सरकली, आणि गावच्या बाया काठावर उभ्या राहिल्या. दिवस कलता नळाची पाठ लागली, साबूत लागली, आणि केरबाने तीवर हात ठेवून कपाळाचा घाम पुसला.

पुढे बाई घरी आल्या आणि चर बुजविण्यापूर्वी स्वतः हिंडून त्यांनी पाचवे पत्र नव्याने रेखिले. सरूबाईने खिडकीशी 'राख' म्हटले. परंतु त्या राज्यात कागदास हाक मारावयाची ती नावाने नव्हे, त्याच्याच रेघांवरून पडिलेल्या मुद्रेने; रेघ केसभर हलली तरी मुद्रा निराळी. नव्या पत्रास नवी मुद्रा पडिली. तेव्हा म्हाळसाबाई हळूच म्हणाल्या, "सरू, एकदा जुन्या मुद्रेनं हाक मार." हुजऱ्याने घरोघर विचारिले, आणि एकाही घरून उत्तर आले नाही. सरूबाई म्हणाली, "पुरे करू का?" बाई म्हणाल्या, "नको. विचारत राहू दे त्याला. एखाद्या बंद यंत्रात ह्यांच्या हातचं पत्र राहिलंही असेल."

एणेप्रमाणे नळ वाहता राहिला, जुनी चार पत्रे आणि नवे पाचवे राखिले, आणि घरचा हुकूम सरूबाईकडे गेला. जुन्या मुद्रेची हाक अद्याप चालू आहे. इतके वर्तमान.