आधी टेल

श्रीरामपुरात आमची आणि नानांची भिंत एकच. त्यांच्याकडे नगरपालिकेचा नळ, स्वतःची बोअर, वर फिल्टर. तरी शेवटची काही वर्षं नाना रोज सकाळी आमच्या उंबऱ्यात उभे राहून म्हणायचे, "जरा पाणी द्या." तांब्याभर पाणी गटागटा प्यायचे, डोळे मिटून जीभ टाळ्याला लावायचे आणि निकाल द्यायचे, "तळ्याचं आहे. गाळ बसायला वेळ दिलेला नाही." दुपारी परत हजर. संध्याकाळीही. माझी बायको शोभा तांब्या घासता घासता पुटपुटायची, की अख्ख्या तालुक्याला पाणी पाजलं म्हणून सांगतात आणि यांच्या घरात प्यायला घोटभर नाही.

नाना पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांचा धर्म, पंथ, राजकारण सगळं दोन शब्दांत मावायचं, "आधी टेल." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. पाणी सुटलं की वरच्या अंगाचे लोक आपली रानं भिजवून घेतात आणि टेलवाल्याच्या वाट्याला चिखल येतो. नानांनी नोकरीभर वरच्या दारांना कुलपं घालून पाणी आधी टेलला नेलं. त्यापायी शिव्या खाल्ल्या, जीपच्या चाकांतली हवाही गेली. खुर्ची सुटली तरी हे खूळ काही सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातून जिलब्यांचं ताट घेऊन ते थेट शेवटच्या पानाकडे चालू लागायचे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी बँडवाल्यांना आधी जेवू घातलं आणि व्याही मंडळी रिकाम्या पानांपुढे बसून राहिली. घरात पहिला चहा भांडीवाल्या बाईंना, मग मुलं, मग माई, शेवटी आपण. माई म्हणजे त्यांची बायको. नवऱ्याचं हे वेड त्यांनी चाळीस वर्षं हसून आणि कपाळाला हात लावून सोसलं.

मग माईंच्या किडन्या गेल्या. नगरला डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं. जास्त पाणी पोटात गेलं तर ते फुप्फुसात साठेल आणि जीव घेईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जन्मभर कोरड्या रानांना पाणी पोचवलेल्या माणसावर घरात बायकोचं पाणी तोडायची वेळ आली.

नानांनी ते खात्याच्या शिस्तीनं केलं. एका फुलपात्राला आतून खिळ्यानं रेघ मारली. रेघेपर्यंत पाणी दिलं की आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, संपली; पुढची जेवणानंतर. मधल्या वेळात माई तोंडात वेलदोडा धरून बसायच्या. सुरुवातीला चेष्टाही करायच्या. टेलचे शेतकरी पूर्वी ओट्यावर येऊन नानांना गाऱ्हाणं घालायचे, त्यांचा आवाज काढून म्हणायच्या, "सायेब, टेल कोरडं हाय. पानी कवा सुटायचं?" नाना हसायचे. तिसरा उन्हाळा लागला तसं हसणं थांबलं. माई मात्र तेच विचारत राहिल्या, आणि ती आता चेष्टा नव्हती.

नानांनी फिल्टर कुलपात घातला, अंगणातला नळ काढून तिथं बूच मारलं. म्हातारा बायकोला पाण्याला महाग करतोय, असं गल्लीतल्या बायका उघड बोलू लागल्या. त्यातच चैत्राचं हळदीकुंकू आलं. नाना बँकेत गेलेले असताना माई समोरच्या घरी जाऊन बसल्या. दारी आलेल्या सवाष्णीला पन्हं द्यायचं नाही, हे कुणाच्या डोक्यात तरी येईल का? उलट त्या घरच्या बाईला वाटलं, बिचारीला आज तरी पोटभर मिळू दे. तिनं मायेनं पेला पुन्हा पुन्हा भरला. संध्याकाळी माईंना श्वास घेता येईना. नगर येईपर्यंत गाडीत नाना त्यांना बसतं धरून होते.

त्या वेळी माई वाचल्या, पण पुन्हा सावरल्या नाहीत. समोरच्या बाईला नाना चकार शब्द बोलले नाहीत. मीच चिडलो, तर मला म्हणाले, "त्यांनी टेलला पाणी दिलं. त्यांचं काय चुकलं?"

पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, मागतील ते द्या. नानांनी रेघेचं फुलपात्र बाजूला सारलं आणि तांब्या भरून आणला. मी आणि शोभा तिथंच होतो. माईंनी तोंड फिरवलं.

"आधी तुम्ही प्या," त्या म्हणाल्या. "शेजारी जाऊन पिता ते मला माहीत आहे. भिंतीतून ऐकू येतं. आज माझ्यासमोर प्या."

तेव्हा आम्हाला कळलं. तहानलेल्या बायकोदेखत घोट घ्यावा लागू नये म्हणून हा माणूस इतकी वर्षं आमच्या उंबऱ्यात उभा राहत होता. शोभा पदर तोंडाला लावून बाहेर गेली. नाना प्यायले. मग माईंना त्यांनी चमच्यानं पाजायला घेतलं, पण दोन चमच्यांपुढे पाणी गेलं नाही.

माई गेल्यावर मला वाटलं, आता नाना घरी पाणी पितील. तेरावा झाला आणि सकाळी ते उंबऱ्यात हजर. "घरी पिऊन बघितलं. घशाखाली उतरत नाही," म्हणाले. निकाल देणं मात्र तेव्हापासून बंद झालं. तळ्याचं, बोअरचं, टँकरचं, असेल ते पाणी मुकाट पिऊन तांब्या खाली ठेवायचे. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

या फेब्रुवारीत नानाही गेले. त्यांनी प्राण सोडला तिथं दिवा लावून मुलानं शेजारी पाण्याचा पेला ठेवला. फिल्टरचं, चांगलं गार पाणी होतं. शोभानं ते पाहिलं, उठली, आमच्या घरातून तांब्या भरून घेऊन आली.

"ते ओतून टाक बाळा," ती मुलाला म्हणाली. "आमच्याकडचं ठेव. त्यांना हेच लागायचं."